वाकड्या घराचा हिशेब: हिमलीचा पब कलला कसा, टिकला कसा आणि पुन्हा उभा कसा राहील

इंग्लंडमधल्या हिमली गावाजवळचा ‘क्रुकेड हाउस’ नावाचा पब ५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री आगीत सापडला. दोनच दिवसांनी, ७ ऑगस्टला, उरलेल्या भिंतींवर यंत्र चालवून तो भुईसपाट करण्यात आला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये साउथ स्टॅफर्डशायरच्या स्थानिक परिषदेने मालकांना नोटीस बजावली: आगीपूर्वी होता तसाच पब तीन वर्षांत पुन्हा बांधून द्या. आता हा पब जगभर ओळखला जायचा तो त्याच्या वाकडेपणामुळे. म्हणजे सरकारी नोटिशीने वाकडं घर बांधायचं!

हे ऐकून पडणारे प्रश्न रास्त आहेत. घर मुळात वाकडं का होतं? इतकी वर्षं ते पडलं कसं नाही? जळून गेलेली इमारत पाडली तर एवढा गहजब कशाला? आणि नव्या विटांत जुना कल आणायचा कसा? या सगळ्याची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. सुरुवात जमिनीखालून करावी लागते, पण त्याआधी पबबद्दल थोडं.

शेतकऱ्याचं घर ते गावचा पब

‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चं लघुरूप. पुण्या-मुंबईत पब म्हटलं की अंधार आणि मोठ्याने वाजणारं संगीत आठवतं. इंग्लंडमधल्या गावचा पब त्यापेक्षा आपल्या पाराच्या किंवा चावडीच्या जास्त जवळचा. बिअर तिथे मिळतेच, पण जेवण, गप्पा, गावातल्या बैठका, अंत्यविधीनंतर लोकांनी एकत्र बसणं, हे सगळं त्याच छपराखाली होतं.

बरेचसे जुने पब हे पब म्हणून बांधलेलेच नाहीत. १८३० साली इंग्लंडमध्ये बिअरहाउस कायदा आला. त्याने घरपट्टी भरणाऱ्या कुणालाही वर्षाला दोन गिनी भरून स्वतःच्या घरातून बिअर विकायची मुभा दिली. पहिल्याच वर्षात हजारो घरांनी असे परवाने घेतले. पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागची खोली घरच्यांची, तळघरात पिंपं. विटांची जाड भिंत आणि जमिनीखालचं तळघर असलेलं शेतघर यासाठी सोयीचंच, कारण पिंपातली बिअर चांगली राहायला ११ ते १३ अंश सेल्सिअस इतका स्थिर गारवा लागतो.

हिमलीचं घर १७६५ मध्ये शेतघर म्हणून उभं राहिलं. लाल विटा, दोन मजले, उतरतं छप्पर. त्या काळच्या मध्य इंग्लंडमधलं अगदी नेहमीचं घर. १८३० च्या सुमारास त्याचा पब झाला. त्याचं रीतसर नाव ‘ग्लिन आर्म्स’. ‘आर्म्स’ म्हणजे इथे घराण्याचं मानचिन्ह. जमीनदाराचं चिन्ह पाटीवर लावायची ती पद्धत होती. जमीन सर स्टीफन ग्लिन यांची होती. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन हे त्यांचे मेहुणे. गावकरी मात्र त्याला ‘साइडन हाउस’ म्हणायचे. त्या भागाच्या बोलीत साइडन म्हणजे तिरपं.

खालचा कोळसा आणि वरचं घर

हिमली हे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, डडली शहराजवळ आहे. या पट्ट्याचं नावच ‘ब्लॅक कंट्री’. इथल्या कोळशाचा सर्वांत जाड थर ‘टेन यार्ड’ नावाने प्रसिद्ध होता: दहा यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर. आपल्या तीनमजली इमारतीएवढी उंची नुसत्या कोळशाची, आणि तीही बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या फार खाली नाही. एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्यांना हा कोळसा हवा होता आणि तो भराभर उपसला गेला.

उपसताना सगळा कोळसा काढत नसत. मध्ये मध्ये कोळशाचेच खांब सोडायचे आणि त्यांच्यामधल्या जागा रिकाम्या करायच्या, अशी रीत होती. खांब वरच्या खडकाचा भार पेलतात. मात्र खांब बारीक सोडले, किंवा जाता जाता तेही कोरून काढले, तर काही वर्षांनी ते चुरतात. मग वरचे थर खाली बसतात आणि जमिनीच्या पृष्ठभागावर उथळ बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. याला जमीन खचणं म्हणतात.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. त्या भागातही जुनं भूमिगत कोळसा खाणकाम झालेलं आहे. ते पोकळीचं छत एकदम कोसळल्यासारखं खचणं: खड्डा अरुंद, खोल आणि क्षणात पडणारा. हिमलीत झालं ते संथ खचणं. त्यात घर गिळलं जात नाही, हळूहळू कलतं.

कलतं का, हे समजायला नवारीची खाट डोळ्यांसमोर आणा. खाटेच्या मधोमध कुणी बसलं आणि त्याच्या मांडीशी पाण्याचा तांब्या असला, तर तांब्या सरळ खाली जातो, कलंडत नाही. तोच तांब्या बसलेला माणूस आणि खाटेची कड यांच्यामध्ये असला तर हमखास तिरपा होतो. जमिनीचंही तसंच. बशीच्या तळाशी असलेलं घर सपाटच खाली जातं. बशीच्या उतारावर सापडलेलं घर कलतं. शिवाय उताराच्या वरच्या भागात जमीन ताणली जाते, तिथे भिंतींना तडे जातात; तळाकडच्या भागात ती दाबली जाते, तिथे फरशा उचकटतात.

ही बशी खाणीपेक्षा मोठी असते, हेही लोकांना पटत नाही. ब्रिटिश कोळसा खाणींच्या अनुभवावरून ठोकताळा असा की खाणीच्या कडेपासून उभ्या रेषेशी सुमारे ३५ अंशांचा कोन करून खचण्याचा परिणाम वर पोचतो. म्हणजे खाण १०० मीटर खोल असेल तर कडेच्या पलीकडे आणखी सुमारे ७० मीटरपर्यंतची जमीन हलू शकते. आपल्या घराखाली कुणी खोदलंच नाही, शेजारी खोदलं, म्हणून घर वाचलं असं होत नाही.

ग्लिन आर्म्सचं एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे ४ फूट, म्हणजे १.२ मीटर खाली गेलं. ९ मीटर जाडीच्या थरापुढे हा आकडा काही मोठा नाही, साधारण आठवा हिस्सा. त्याचा कल १५ अंश होता असं सर्वत्र सांगितलं जातं. पिसाचा मनोरा सध्या ४ अंशांच्या आसपास कललेला आहे, त्यावरून अंदाज येईल. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून गणित केलं तर १५ अंशांच्या उतारावर १.२ मीटरचा फरक पडायला जेमतेम साडेचार मीटर लांबी पुरते. घर त्याहून लांब होतं. तेव्हा १५ अंश हा सगळ्या घराचा एकसारखा कल नसून सर्वांत तिरप्या भागाचा असणार, असंच मानावं लागतं.

मग ते पडलं का नाही?

शंका अगदी बरोबर आहे. ९ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर जाडीची, ६ मीटर उंचीची एकटी भिंत १५ अंश कलली तर ती उभी राहूच शकत नाही. तिचं वजन जिथे एकवटतं तो मधला बिंदू ३ मीटर उंचीवर असतो, आणि तो बाजूला सरकतो सुमारे ८० सेंटिमीटर. पायाची रुंदी २३ सेंटिमीटर. संपला विषय.

घर मात्र एकटी भिंत नसतं, ते खोकं असतं. चार बाहेरच्या भिंती, आतल्या आडव्या भिंती, मजल्याच्या तुळया, वर छपराचे वासे. हे सगळं एकमेकांना धरून असेल तर कलताना पूर्ण खोकं एकत्र कलतं. समजा खोक्याची लांबी ९ मीटर आहे. आता तोच ८० सेंटिमीटरचा सरकाव या ९ मीटरच्या पायावर मोजायचा. जुना नियम असा की वजनाची रेषा पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात पडली, म्हणजे इथे मध्यापासून दोन्हीकडे दीड मीटरच्या आत, की कुठल्याही कडेला पाया उचलला जात नाही. ८० सेंटिमीटर त्यात आरामात बसतात. शिधा भरलेली पेटी थोडी तिरपी ठेवली तरी उभी राहते आणि तिची एकेक फळी सुटी उभी करता येत नाही, तसंच हे.

दुसरा आधार चुन्याचा. १७६५ मध्ये विटा चुन्यात बसवत. आपल्याकडच्या वाड्यांसाठी घाण्यात मळलेला चुना वापरत, त्याच जातीचा हा माल. चुना सिमेंटपेक्षा मऊ. जमीन हळू हलली तर ती हालचाल शेकडो सांध्यांत थोडी थोडी वाटली जाते, आणि बारीक तडे पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या चुन्याने पुन्हा भरूनही येतात. सिमेंटची भिंत अशा वेळी ताठ राहते, राहते, आणि मग एका मोठ्या तड्याने विटांसकट फाटते. जुन्या घराच्या दुरुस्तीत सिमेंट भरणाऱ्यांनी हे नेहमी विसरलेलं असतं.

तरीही १९४० च्या दशकात इमारत धोकादायक ठरली आणि पाडायची ठरली. तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टन अँड डडली ब्रुअरीज या कंपनीने ती विकत घेऊन सावरली. खाली गेलेल्या टोकाला विटांचे जाड तिरपे धिरे दिले, आत लोखंडी तुळया घातल्या. धिरा म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेला कायमचा टेकू: वर निमुळता, खाली रुंद. तो भिंतीचा बाहेरचा रेटा झेलून जमिनीत उतरवतो. लोखंडी तुळया खोक्याच्या बाजू एकमेकींपासून सुटू देत नाहीत. घर सरळ करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही, आणि माझ्या मते त्या दुरुस्तीतला हाच सर्वांत शहाणा निर्णय होता. तिरप्या जागी स्थिरावलेल्या चुन्याच्या भिंती पुन्हा उचलायला गेलं की सांधे उलट्या दिशेने ताणले जातात आणि भिंत सुटी होते.

गोटी चढावर जाते ती कशी

पबमध्ये येणारा प्रत्येक जण गोटी किंवा बाटली घेऊन एक प्रयोग करायचा. खिडकीच्या कट्ट्यावर ती ठेवली की चढावर गडगडत जायची, निदान तसं दिसायचं. भिंतीवरचं घड्याळ वेडंवाकडं टांगल्यासारखं वाटायचं, प्रत्यक्षात ते ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ असायचं.

आपला मेंदू उभं-आडवं ठरवताना कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाबरोबर डोळ्यांवरही विसंबतो. खोलीत आल्यावर भिंतींचे कोपरे उभे आणि फरशीची रेषा आडवी, असं तो गृहीत धरतो. इथे तर अख्खी खोलीच कललेली. मग खऱ्या पातळीपेक्षा किंचित उतार असलेला कट्टा, त्या खोलीच्या मानाने चढता दिसतो. गोटी गुरुत्वाकर्षण पाळते, आपण भिंतीचं ऐकतो. लेहजवळच्या ‘मॅग्नेटिक हिल’वर गाडी आपोआप चढाला लागते असं वाटतं, त्यामागे हेच आहे, तिथे खोलीचं काम भोवतीचे डोंगर करतात.

इतकं जुनं घर वारसा यादीत का नव्हतं?

इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची राष्ट्रीय यादी असते. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था सल्ला देते, मंत्री निर्णय घेतात. श्रेणी तीन: एक, दोन-तारा आणि दोन. (मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांनी एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशा श्रेणी केल्या, त्याच धर्तीचं हे.) यादीत नाव आलं की परवानगीशिवाय इमारतीला हात लावणं फौजदारी गुन्हा ठरतो.

१७०० पूर्वीच्या, मूळ रूपात टिकलेल्या जवळजवळ सर्व इमारती आणि १७०० ते १८५० मधल्या बहुतेक इमारती यादीत घ्याव्यात, असं धोरण आहे. १७६५ चं घर त्यात बसायला हवं होतं. पण मूळ बांधकाम किती उरलं आहे हेही पाहतात, आणि खूप दुरुस्त झालेलं साधं शेतघर अशा मोजमापात मागे पडतं. क्रुकेड हाउस यादीत नव्हतं. ते घ्यावं असा अर्ज आगीच्या थोडेच दिवस आधी पोचला होता. मला हा निकष अशा घरांसाठी तोकडा वाटतो. धिरे आणि तुळया ही इथे मूळ घरावर झालेली ढवळाढवळ म्हणून मोजायची का? खाणीने घराचं काय केलं आणि माणसांनी ते कसं सावरलं, ही हकीकत त्याच भिंतींत होती.

यादीत नाव नाही म्हणजे संरक्षणच नाही, असा मात्र अर्थ नाही. २३ मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये कुठलाही पब पाडायला किंवा त्याचं दुकान-घर करायला नियोजन परवानगी लागते. त्याआधी बऱ्याच पबांबाबत ती लागत नव्हती. बदल झाला कारण पब भराभर मिटत होते: २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे ६० हजार पब होते, ते अलीकडे ४५ हजारांच्या आसपास आले. २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना आणखी एक मार्ग दिला. पबची नोंद ‘समाजोपयोगी मालमत्ता’ म्हणून करून घेतली, तर तो विक्रीला निघाल्यावर बोली लावायला गावाला सहा महिन्यांपर्यंतची सवड मिळते. यात नेहमीची चूक एकच: पाटी उतरल्यावर लोक जागे होतात. नोंद आधी असावी लागते.

जळालेलं, धोकादायक घर पाडण्यात चूक काय?

हा सर्वांत वजनदार आक्षेप. आग लागली की मजल्याच्या लाकडी तुळया आणि छप्पर जातं. म्हणजे खोक्याला बांधून ठेवणारे भागच जातात आणि मागे उरतात सुट्या, तिरप्या भिंती. सरळ घराच्या भिंती आगीनंतर काही काळ उभ्या राहू शकतात. कललेल्या घराची गोष्ट वेगळी. त्यामुळे धोका खोटा नव्हता.

पण धोका दूर करणं आणि इमारत नाहीशी करणं या दोन निराळ्या परवानग्या आहेत. परिषदेने सांगितलं की दर्शनी बाजूच्या पहिल्या मजल्यावरचे तीन भाग उतरवायला तिने संमती दिली होती. संपूर्ण पाडकामाला दिली नव्हती. अशा वेळची रीत ठरलेली आहे. आधी बाहेरून टेकू आणि मचाण. मग वरून खाली, हाताने, जेवढं लटकतं आहे तेवढंच उतरवायचं. प्रत्येक टप्प्याआधी फोटो आणि मापं. विटा आणि कोरीव दगड बाजूला रचून ठेवायचे. आपल्याकडेही धोकादायक वाड्याची नोटीस आली की सगळा वाडा पाडायचाच असा समज असतो. बहुतेकदा गरज एका भिंतीपुरती असते.

आगीच्या रात्री रस्त्यावरच्या मातीच्या ढिगाऱ्यांमुळे बंबांना जवळ पोचता आलं नव्हतं, आणि पोलिसांनी जाळपोळीच्या दिशेने तपास सुरू केला. कुणाचा दोष आहे हे ठरवणं तपास आणि न्यायालयाचं काम. नियोजन कायद्याला त्यासाठी थांबावं लागत नाही. तो एवढंच विचारतो: परवानगी होती का? नसेल तर जमिनीचा मालक, मग आग कशीही लागलेली असो, पूर्वस्थिती आणून द्यायला बांधील ठरू शकतो.

अशी सक्ती पूर्वीही झाली आहे. लंडनच्या मेडा व्हेल भागातला ‘कार्लटन टॅव्हर्न’ हा १९२०-२१ मध्ये बांधलेला पब एप्रिल २०१५ मध्ये विनापरवानगी पाडला गेला, तोही वारसा यादीत जायच्या तोंडावर. वेस्टमिन्स्टर परिषदेने तो विटेला वीट जुळवून उभा करायला लावला. मालकांचं अपील फेटाळलं गेलं. २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला.

नव्याने बांधलेलं वाकडं घर म्हणजे देखावाच की?

थोडा आहे, हे कबूल करायला हवं. खाणीने दिलेला कल आणि नकाशावर आखलेला कल सारखा नाही. पण नोटिशीचा हेतू जुनेपणा परत आणायचा नसतोच. गावाची बसायची जागा, तिचं ओळखीचं रूप आणि ‘पाडून टाकलं की मोकळे’ या हिशेबाला आडकाठी, हे तीन हेतू देखाव्याच्या पलीकडचे आहेत.

काम मात्र अवघड आहे. पहिली गोष्ट, जमीन. जुन्या खाणीवर नवा पाया घालण्याआधी छिद्रं पाडून पोकळ्या शोधायच्या आणि त्यांत सिमेंट व राख यांचं पातळ मिश्रण दाबाने भरायचं. हे न करता बांधलं तर आखलेल्या कलाला न आखलेला कल येऊन मिळेल. पाया स्वतः सपाट आणि एकसंध हवा. तिरपं व्हायचं ते जोत्यापासून वर.

मग विटा. चुन्यातल्या जुन्या विटा तासून स्वच्छ करून पुन्हा वापरता येतात, ज्या भागात कधी दुरुस्तीला सिमेंट वापरलं तिथल्या विटा फोडूनच सुटतात. आगीत तापलेल्या विटा टिचकी मारून तपासाव्या लागतात: खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत तडा आहे. कमी पडतील तिथे त्याच मापाच्या विटा भाजून घ्यायच्या, कारण आजची वीट मापाने वेगळी असते आणि थरांची संख्याच चुकते.

आणि कल? सुदैवाने या पबचे पर्यटकांनी काढलेले फोटो अगणित आहेत. वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या फोटोंवरून संगणकावर घराचं मापी प्रतिरूप करता येतं; दाराची उंची किंवा विटेचा थर असं एक खात्रीचं माप मिळालं की बाकीची मापं त्यावरून निघतात. त्यातून प्रत्येक भिंतीसाठी तिरप्या फळ्यांचे साचे करायचे. गवंड्याचा ओळंबा इथे भिंत तपासायला उपयोगी नाही, तो साचा तपासायला वापरायचा. मजल्याच्या तुळया भिंतींना बांधल्या जाईपर्यंत प्रत्येक भिंत मचाणावर रेललेली ठेवावी लागते, आणि आत बहुधा पोलादी सांगाडाच भार घेईल. १९४० च्या दशकातले धिरे यावेळी आधाराला लागणार नाहीत. तरीही ते बांधावे लागतील, कारण आगीच्या आदल्या दिवशी ते तिथे होते.

मालकांनी या नोटिशीविरुद्ध २०२४ मध्ये अपील केलं, आणि अपील चालू असेपर्यंत नोटीस लागू होत नाही. तीन वर्षांची मोजणी सुरू होते की नाही, हे त्या निकालावर ठरतं.